कोठ्याची सफाई आणि हिरव्या पानाची जामीनकी

मराठी मनुष्य आपले उत्पन्न सख्ख्या भावापासून लपवितो, आपले खरे वय विमा कंपनीखेरीज कोणाला कळू देत नाही, आणि चिरंजीवांच्या परीक्षेतील गुणांविषयी तर शेजाऱ्यापाजाऱ्यांत कडकडीत मौन पाळतो. परंतु आज सकाळी आपला कोठा साफ झाला की नाही, आणि झाला असल्यास तो समाधानकारक झाला की केवळ नाममात्र झाला, ह्याची साद्यंत कैफियत मात्र तो पहिल्याच भेटीत, पहिल्याच चहाबरोबर, अपरिचितापुढेसुद्धा निःसंकोचपणे सादर करतो. एका विवाहाच्या बैठकीत मानपानावरून बोलणी फिसकटण्याच्या बेतात आली असता, उभय व्याह्यांना मलावष्टंभाचा समान विकार असल्याचे योगायोगाने निष्पन्न झाले, आणि कार्यालयाचा खर्च कोणी सोसावयाचा हा वाद पुढील अर्ध्या घटकेत इसबगोलाच्या गुणवर्णनात विरघळून गेला, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. ज्या समाजात पोटाला इतकी सार्वजनिक प्रतिष्ठा आहे, त्या समाजात पोट धुऊन देण्याचा व्यवसाय ऊर्जितावस्थेला यावा ह्यात नवल ते काय?

पूर्वी हा व्यवसाय नव्हता. तो घरगुती अंमल होता. महिन्याकाठी एखाद्या रविवारी पहाटे आजी एका हातात एरंडेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात आल्याच्या चहाची लालूच घेऊन माजघरात उभी राहिली, की घरातील यच्चयावत बालके माळ्यावर, कणगीमागे आणि गोठ्यात परागंदा होत; तेथून त्यांना एकेक करून बखोटीला धरून आणले जाई; आणि नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही ह्या राजनीतीच्या सिद्धान्ताचा पहिला प्रयोग आमच्यावर तेथेच होई. एरंडेलाविषयी एक गोष्ट मात्र शत्रूलाही कबूल करावी लागेल, ती ही की त्याने कधी खोटे आश्वासन दिले नाही. आपण चवीला वाईट आहोत, वासाला त्याहून वाईट आहोत, आणि दुपारपर्यंत तुम्हांला घराबाहेर पडू देणार नाही, हे ते उघडपणे सांगे. तुमची कांती उजळेल, चिंता हरपेल, बुद्धी तल्लख होईल, असला मजकूर त्याच्या बाटलीवर नव्हता. बहुधा बाटलीवर काहीच नव्हते.

हल्लीच्या डब्यावर मात्र मजकुराखेरीज दुसरे काही नसते. हा डबा औषधाच्या दुकानात मिळतो, किराण्याच्या दुकानात मिळतो, आणि आता घरबसल्या मागविता येतो. त्याचे नाव ‘कोलन क्लीन्स’ किंवा ‘डिटॉक्स’ असे भारदस्त विलायती असते, त्याच्या दर्शनी भागावर जटाधारी ऋषी ध्यानस्थ बसलेले असतात, आणि ऋषींच्या डोक्यावर एक हिरवेगार पान असते. तुमच्या आतड्यांच्या भिंतींना वर्षानुवर्षांचा मळ चिकटून बसला आहे, त्यातून विषे झिरपत आहेत, तुमची डोकेदुखी, सांधेदुखी, आळस, मुरूम आणि चिडखोरपणा ही सर्व त्या विषांची संतती आहे, आणि पंधरा दिवसांत ह्या संततीचा निर्वंश करण्यात येईल, अशी प्रतिज्ञा त्यावर केलेली असते. शेवटी एक वाक्य ठळक अक्षरांत: संपूर्ण नैसर्गिक, कोणताही दुष्परिणाम नाही.

आमच्या आतोबांनी असा एक डबा आणला. आतोबांचा परिचय करून देणे येथे अगत्याचे आहे. त्यांची सारी हयात महसूल खात्याच्या दफ्तरात गेली. अर्जावर तिकीट आडवे चिकटविले आहे ह्या कारणास्तव अर्ज परत पाठविणारे, सातबाराच्या उताऱ्यात एका गुंठ्याची तफावत आढळली तर तीन पिढ्यांचे फेरफार उकरून काढणारे, साक्षीदाराची सही आणि त्याचा अंगठा ह्यांत मेळ नाही अशी हरकत घेऊन अख्खा तालुका वेठीस धरणारे असे ते अव्वल कारकून होते. पोटहिश्श्यांच्या तंट्यांत ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांनी स्वतःच्या पोटात जाणाऱ्या जिनसेची चौकशी त्याच कसोशीने करावी, अशी माझी भाबडी समजूत होती.

“आतोबा, ह्यात काय काय आहे?” मी विचारले.

“वनस्पती.”

“कोणत्या?”

“वनस्पती म्हणजे वनस्पती. त्यात पुन्हा कोणत्या काय विचारतोस? हे पान दिसत नाही का तुला?”

“पण प्रत्येकीचे प्रमाण किती, ते लिहिलेले नाही.”

“प्रमाण रसायनाला लागते रे. झाडपाल्याला कसले आले आहे प्रमाण!”

ज्याअर्थी जिन्नस झाडाचा आहे, त्याअर्थी तो निरुपद्रवी आहे. ज्याअर्थी तो पुरातन आहे, त्याअर्थी तो कसोटीला उतरलेला आहे. आणि ज्याअर्थी पलीकडच्या बिऱ्हाडातील काकू तो तीन महिने घेत असून अद्यापि हयात आहेत, त्याअर्थी पुढील पुराव्याची जरूर नाही, असा निवाडा आतोबांनी पाच मिनिटांत दिला आणि डब्याचे प्रकरण निकालात काढले. धोत्रा झाड आहे, कण्हेर झाड आहे, बचनाग झाडाचेच मूळ आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. इतकेच काय, आमच्या बालपणीच्या त्या सत्यवादी एरंडेलाचे बी घेतले, तर त्यात रायसिन नावाचे प्राणघातक विष असते, जे तेल काढताना पेंडीत राहून जाते म्हणूनच आम्ही आजीच्या हातून वाचलो, हेही सांगितले. आतोबा म्हणाले, “बघ, म्हणजे निसर्गाला सुद्धा काळजी आहे.” ह्या युक्तिवादापुढे कोणाचे काय चालणार!

ह्या सर्व प्रकारात मला सर्वांत अधिक कणव आली ती डब्यावरील ऋषींची. कारण ते चित्र चरकाचार्यांचे म्हणून काढलेले असेल, तर आपण कशाला जामीन राहिलो आहोत ह्याची त्यांना कल्पना दिलेली नाही, हे उघड आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनाचे 355 आणि विरेचनाचे 245 असे शोधनाचे एकंदर सहाशे योग सांगितले आहेत, हे खरे; आणि एवढा आकडा ऐकल्यावर कोणत्याही कारखानदाराला हा आपल्याच पंथाचा मनुष्य आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने सहाशे योग सांगितले, त्याच ग्रंथकाराने त्या योगांची धास्तीही तितक्याच विस्ताराने घेतली आहे. सूत्रस्थानातील उपकल्पनीय नावाच्या अध्यायात, श्रीमंत रुग्णाला वांतीचे अथवा ढाळाचे औषध देण्यापूर्वी कोणता सरंजाम सिद्ध असावा ह्याची जी याद दिली आहे, ती वाचून एखाद्या संस्थानिकाच्या स्वारीची तयारी चालली आहे की काय असा भास होतो: वारा न लागणारे पक्के घर हवे, शुश्रूषेत कुशल असे परिचारक हवेत, स्वयंपाकी हवेत, रोग्याचे मन रिझविण्यासाठी गायनवादनात आणि कथापुराणांत निपुण असे लोक हवेत, आणि दारात सवत्स, निरोगी व सुस्वभावी अशी दुभती गाय हवी. उपाय अंगावर उलटला तर लागणारी औषधेही आधीच जवळ हवीत. रुग्णाला अगोदर स्नेहन, स्वेदन. त्याचा कोठा मृदू आहे, मध्यम आहे की क्रूर आहे ह्याची परीक्षा. आणि ढाळ झाल्यावर पेज, मग घट्ट पेज, मग कढण, असे करीत जरूर तर सात दिवसांपर्यंत त्याला हळूहळू अन्नावर आणावयाचे. सिद्धिस्थानात तर वमनविरेचन बिघडले असता होणाऱ्या दहा आपत्तींचा स्वतंत्र अध्यायच आहे. आणि आमच्या डब्यावर लिहिले आहे, ‘रात्री झोपताना दोन चमचे कोमट पाण्याबरोबर’. परिचारक नाही, गवई नाही, गाय तर नाहीच नाही. ऋषींचे चित्र तेवढे घेतले आणि त्यांची सगळी कलमे वगळली.

हा कोठ्याचा ध्यास केवळ आपलाच, असा गर्व मात्र कोणी वाहू नये. प्राचीन इजिप्तचे लोक सर्व रोग अन्नापासूनच होतात असे समजून दर महिन्यास लागोपाठ तीन दिवस रेच घेत, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या बुशार नामक वैद्यकपंडिताने, आतड्यांत कुजणाऱ्या द्रव्यांमुळे मनुष्य स्वतःलाच विषबाधा करून घेतो, ही कल्पना शास्त्राच्या पोषाखात मांडली, आणि मग तिने जी धूम उडवून दिली ती पाहता आतोबा फारच संयमी गृहस्थ वाटू लागतात. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील सर आर्बथनॉट लेन हे नामांकित शस्त्रवैद्य बद्धकोष्ठावर इलाज म्हणून रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढीत. भाडेकरू घर अस्वच्छ ठेवतो म्हणून घरच पाडून टाकावे, अशातला हा बंदोबस्त! तिकडे अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉक्टर केलॉग श्रीमंत पाहुण्यांना बस्ती देऊन, वर दह्याचीही बस्ती देत असत. अखेर 1919 साली वॉल्टर अल्वारेझ ह्या डॉक्टराने एक साधीच शंका काढली: शौचास झाल्याबरोबर ज्याअर्थी डोके हलके होते, त्याअर्थी हा रक्तातील विषाचा परिणाम नसावा, कारण विष इतक्या तातडीने रक्तातून हद्दपार होत नाही, हा नुसता आतड्यांवर पडलेल्या ताणाचा परिणाम असावा. पुढे 1922 मध्ये डोनाल्डसन ह्या संशोधकाने काही जणांच्या गुदाशयात चक्क कापूस भरून पाहिला. आणि कापसात कसलेही विष नसताना त्यांना तीच डोकेदुखी, तीच मरगळ आणि तीच चिडचिड जडली. विषाची फिर्याद तेथेच खारीज व्हावयाची. परंतु विक्रेत्यांच्या दरबारात ती आजतागायत सुनावणीला आहे.

आता ‘भिंतीला चिकटलेला मळ’. मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरातील पेशी दर चार-पाच दिवसांनी झडून नव्या येतात. ज्या भिंतीचा गिलावा दर आठवड्याला निसर्ग स्वखर्चाने बदलतो, तिच्यावर वर्षानुवर्षांचा मळ चिकटणार कोठे, असा प्रश्न विचारण्याची कोणालाच निकड भासत नाही, कारण पुरावा डोळ्यांपुढे असतो: डब्यातील भुकटी घेतल्यावर रबरासारखे लांबच लांब गोळे बाहेर पडतात, आणि लोक त्यांची छायाचित्रे काढून आप्तेष्टांना पाठवितात. (ह्या छायाचित्रांचे संग्रह करणारे रसिकही आहेत, दुनिया मोठी आहे.) ह्या गोळ्यांचे रहस्य असे, की परदेशी बनावटीच्या अनेक भुकट्यांत इसबगोल आणि बेंटोनाइट नावाची फुगणारी माती असते, ही दोन द्रव्ये पाण्यात भिजली की पोटात जाऊन नेमका तसलाच चिवट गोळा तयार करतात. म्हणजे जो मुद्देमाल जप्त केल्याबद्दल डबा आपली पाठ थोपटून घेतो, तो त्यानेच आदल्या रात्री आत नेऊन ठेवलेला असतो.

देशी चूर्णांत ही माती सहसा नसते. तेथे मुख्य कामगिरी सोनामुखीकडे असते. पंचसकार चूर्णात ती आहे, स्वादिष्ट विरेचन चूर्णात ती आहे, आणि वजन उतरविणाऱ्या कित्येक ‘हर्बल’ चहांत तीच वेषांतर करून बसलेली आहे. सोनामुखी अप्रामाणिक नाही. तिची गणना जगभरच्या मान्य रेचकांत होते. तिच्यातील द्रव्ये लहान आतड्यातून तशीच पुढे जातात, मोठ्या आतड्यातील जंतू त्यांचे रूपांतर करतात, आणि मग सहा ते बारा तासांनी ते आतडे खडबडून कामाला लागते. अडीअडचणीला दोनचार दिवस घ्यावी अशी ती वस्तू आहे. अमेरिकेतील वेष्टनांवर तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एक आठवड्याहून अधिक घेऊ नये अशी स्पष्ट ताकीद असते. परंतु आमच्याकडे आठवडा ही मुदत सत्यनारायणाच्या प्रसादालाही पुरत नाही, तेथे सबंध डबा विकत घेतलेल्या औषधाला कशी पुरणार?

आणि येथेच खरी गंमत होते. रेचकाने मोठे आतडे तळापासून रिकामे केले, की ते पुन्हा भरावयास एकदोन दिवस लागतात. पण आतोबांसारख्या नियमित मनुष्याला एका सकाळी वसूल शून्य आला की लागलीच दुष्काळ जाहीर करावासा वाटतो. खजिना कालच धुऊन नेला आहे हे लक्षात न घेता ते रात्री दुसरी मोहीम काढतात, तिसऱ्या दिवशी तिसरी, आणि महिनाभराने ‘ह्याच्याशिवाय आता होतच नाही बघ’ असे अभिमानाने सांगू लागतात. असे महिनोन्महिने चालले, की ज्याच्या स्वच्छतेसाठी हा सारा खटाटोप, त्याच आतड्याचे अस्तर सोनामुखीच्या आणि तिच्या भाऊबंदांच्या सेवनाने काळपट तपकिरी होते. दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना ही खूण चांगली परिचयाची आहे. औषध सोडल्यावर काही महिन्यांनी हा रंग बहुधा जातो आणि त्याने स्वतःहून फारसा अपायही होत नाही, परंतु साफसफाईचा परिणाम म्हणून भिंती काळ्या व्हाव्यात हा विनोद निसर्गानेच करावा.

विनोद नसलेला भाग निराळाच आहे. वारंवार जुलाब झाले की पाण्याबरोबर शरीरातील पोटॅशियम जाते. पोटॅशियम उतरले की स्नायू दुबळे होतात आणि हृदयाची लय चुकू शकते. ज्यांना रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू आहेत त्यांचे पोटॅशियम त्या वाटेनेही जात असते. हृदयासाठी डिजॉक्सिन घेणाऱ्यांना तर ही घट फार धोक्याची. त्यातच चूर्ण गोड लागावे म्हणून घातलेले ज्येष्ठमध पुष्कळ घेतले गेले तर तेही पोटॅशियम घालविते आणि वर रक्तदाब चढविते. मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर स्त्रिया, लहान मुले, ज्यांच्या पोटात कळ येते पण तिचे कारण कळलेले नाही असे लोक, ह्यांनी तर डब्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. शौचावाटे रक्त जाणे, किंवा उतारवयात शौचाची सवय एकाएकी बदलणे, ह्यांवर चूर्णाचा चमचा मारणे म्हणजे तार आलेली असताना ती न वाचता फाडून टाकणे होय. आणि साधासुधा इसबगोलसुद्धा पुरेशा पाण्यावाचून घेतला तर घशात वा आतड्यात फुगून अडून बसतो.

सरकार काय करते, असे कोणी विचारील. सरकार पुष्कळ करते. 1940 च्या औषध कायद्यात आयुर्वेदीय औषधांसाठी 1964 साली निराळे प्रकरण घातले गेले. जयपाळासारख्या विषारी द्रव्यांची यादी असलेले परिशिष्ट आहे, आणि ती द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापण्याची सक्ती आहे. परंतु ह्याच कायद्यात ‘प्रोप्रायटरी’ नावाचे एक ऐसपैस दालन आहे: घटक प्राचीन ग्रंथांतले, मिश्रण मात्र कारखानदाराच्या डोक्यातले. आणि तेथेही प्रवेश अडचणीचा वाटला, तर जिन्नस खाद्यपूरक म्हणून आणता येतो. मग त्यावर चौदा आकड्यांचा अन्नपरवाना असतो, आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ हा मजकूर असतो. दर्शनी बाजूने शरीरातील समस्त विषांचा संहार करावयाचा आणि पाठीमागे, मुंगीलाही भिंग लागेल अशा अक्षरांत, आपला औषधाशी संबंध नसल्याचा कबुलीजबाब लिहून द्यावयाचा, असा हा दुतोंडी दस्तऐवज आतोबांनी आपल्या नोकरीच्या काळात क्षणभरही दाखल करून घेतला नसता. शुद्धतेचा प्रश्न तर आणखी वेगळा. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बॉस्टनच्या आसपासच्या दक्षिण आशियाई किराणा दुकानांतील 70 आयुर्वेदीय उत्पादने तपासली असता त्यांपैकी 14 उत्पादनांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. ती सगळी कोठा साफ करणारी नव्हती. पण डब्यावरचे पान पाहून आत शिसे आहे की नाही हे ओळखता येत नाही, एवढे त्यावरून समजते.

आतोबांना पुढे पोटऱ्यांत वांब येऊ लागले आणि जिना चढताना पाय गळाठू लागले, तेव्हा आत्याबाईंनी त्यांना आळीतल्या वैद्यबुवांकडे धाडले; मी सोबतीला होतो. वैद्यबुवांनी नाडी धरली, जीभ पाहिली, आणि मग त्या डब्याने जे कधीच विचारले नव्हते ते प्रश्न एकामागून एक विचारले: गोळ्या कोणत्या चालू, केव्हापासून, हे चूर्ण किती दिवस, त्यात काय आहे?

“वनस्पती,” आतोबा म्हणाले.

“अहो साहेब, माझ्या कपाटात दीडशे बरण्या आहेत, सगळ्या वनस्पतीच. त्यांतली कोणतीही उघडून देऊ का?”

रक्ततपासणीत पोटॅशियम खाली आलेले निघाले. वैद्यबुवांनी डबा बंद करविला, रक्तदाबासाठी चालू असलेल्या लघवीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आजच भेटण्यास बजावले, आणि डॉक्टरांची संमती घेऊन पुढे आचरावयाचा क्रम एका चिठोऱ्यावर लिहून दिला: दिवसभर पाणी, सकाळी पपई, भाकरीबरोबर पालेभाजी, सायंकाळी मैलभर चालणे, आणि न्याहारीनंतर रोज ठरल्या वेळी, घाई न करता, बसणे.

आतोबांनी तो कागद चष्म्याजवळ नेला, उलटसुलट करून पाहिला, आणि बाहेर येताच माझ्याजवळ पहिली हरकत नोंदविली, की ह्यावर शिक्का नाही.